गेली बघ एक सासरी

मला माझ्या वहिनीचा हेवा वाटतो. आधी ‘वाटायचा’ असं लिहिलं होतं, मग खोडलं. केस पिकले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, पण हेवा आहे तिथेच आहे. बायका दागिन्यांवरून जळतात, जमिनीच्या तुकड्यावरून जळतात. मी जळले ती वडिलांच्या एका जुन्या मनगटी घड्याळावरून आणि त्याच्या आकड्यांना फासलेल्या चिमूटभर रेडियमवरून.

आमच्या भागात रेडियम म्हटलं की लोकांना टेम्पो आठवतो. मंचरच्या रस्त्याला ‘रेडियम करून मिळेल’ अशी पाटी दिसली की समजायचं, आत कापलेली चमकणारी अक्षरं मिळतात. गाडीच्या नंबरप्लेटवर रेडियम, टेम्पोच्या मागे ‘आईवडिलांचा आशीर्वाद’ रेडियममध्ये. त्याचा खऱ्या रेडियमशी काडीचा संबंध नाही, पण हे सांगायला गेलं तर दुकानदार आपल्याकडेच कीव येऊन बघतो. खरं रेडियम आमच्या घरात होतं. अवसरीच्या अलीकडे आमची वस्ती, तिथे, वडिलांच्या डाव्या मनगटावर.

वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. ते मिलिटरीत ट्रक चालवायचे. तिथून येताना त्यांनी एक ट्रंक, एक करडं ब्लँकेट आणि हे घड्याळ एवढंच आणलं. निवृत्त होणाऱ्या एका साहेबानं ते त्यांना दिलं होतं आणि तेव्हाही ते जुनंच होतं. पांढरी तबकडी, काळे काटे आणि आकड्यांवर जाडसर लेप. तात्यांच्या तरुणपणी ते आकडे अंधारात हिरवे चमकायचे म्हणे. माझ्या कळत्या वयात मात्र तो लेप करपलेल्या पिठल्यासारखा तपकिरी दिसायचा आणि अंधारात नेलं तरी ढिम्म. तात्या ते कधीमधी ओंजळीत धरून आत डोकवायचे आणि म्हणायचे, “संपलं ह्यातलं रेडियम.” घरातलं कुणी गेल्यासारखं म्हणायचे. रोज सकाळी त्याला चावी द्यायचं काम माझं. माझ्या धाकट्या भावाला त्या घड्याळाला हात लावायची परवानगी नव्हती, कारण त्यानं आमच्या भिंतीवरच्या घड्याळाची चाकं काढून त्यांचे भोवरे केले होते. म्हणजे ते घड्याळ तात्यांचं आणि माझं होतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

बारावीला मी सायन्सला होते. पुस्तकं इंग्रजीत आणि सर समजावून सांगायचे मराठीत. जड अणूंचा धडा चालू होता. सर म्हणाले, अणूच्या गाभ्यात धन भाराचे कण दाटीवाटीनं बसलेले असतात. सारखेच भार, त्यामुळे सगळे एकमेकांना ढकलत असतात. त्यांना धरून ठेवणारी ओढ असते, पण तिचा हात आखूड. घर लहान असलं तर ती सगळ्यांना कवेत घेते. घर फार मोठं झालं की तिचा हात पुरत नाही आणि मग चार जणांचा एक गट एकदम बाहेर पडतो. दोन धन भाराचे, दोन बिनभाराचे. त्या गटाला अल्फा कण म्हणतात. रेडियममधून असे कण सतत बाहेर पडत असतात आणि ते निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात.

मी उभी राहून म्हणाले, “सर, आमचं संपलंय.”

वर्ग खो खो हसला. मागून कुणीतरी म्हणालं, “टेम्पोचं का गं?” मला रडू फुटायच्या बेतात होतं, पण सर हसले नाहीत. त्यांनी घड्याळाचं सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, “रेडियम संपलेलं नाही. त्या लेपात रेडियमबरोबर एक पावडर असते. अल्फा कण त्या पावडरीवर आदळला की ती चमकते. इतकी वर्षं मार खाऊन खाऊन पावडर निकामी झाली. तेल तसंच आहे, वात जळून गेली.” मग ते म्हणाले, घड्याळजीकडचं डोळ्याला लावायचं भिंग मिळव, पक्क्या अंधारात डोळे सरावू दे आणि मग बघ. वातीचा एखादा धागा उरलेला असेल. आणि काच उघडू नकोस. अल्फा कण साध्या कागदानंही अडतो, पण लेपाची धूळ पोटात गेली तर वाईट.

मंचरच्या घड्याळजीकडून मी एका दिवसाच्या बोलीनं भिंग आणलं. पक्का अंधार कुठून आणायचा? रात्री आमच्या घरात सगळ्यांची निजानीज होईपर्यंत माझे डोळे मिटायचे. शेवटी तात्यांनीच युक्ती काढली. भर दुपारी पडवीत मांडी घालून बसले, मला समोर बसवलं आणि दोघांच्या डोक्यावरून घोंगडी ओढून घेतली. वर आणखी मिलिटरीचं ब्लँकेट. आत घामाचा आणि लोकरीचा वास, बाहेर कोंबड्यांची कलकल. आई अंगणातून ओरडली, “वाफ घेताय का? सर्दी कोणाला झाली?” शेजारची म्हातारी तर निलगिरीचं तेल घेऊन आली. तात्या आतूनच म्हणाले, “न्हाई गं, आमी रेडियम बगतोय.” म्हातारीनं आईला काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण आई बराच वेळ हसत होती.

डोळे सरावेपर्यंत बसून राहायचं होतं. तात्यांच्या बरोबर एवढा वेळ, इतक्या जवळ, काहीच काम न करता मी कधी बसले नव्हते. कुणाचेही वडील तेव्हा पोरींबरोबर असे बसत नसत. मग मी भिंग डोळ्याला लावलं. आधी काहीच नाही. मग बाराच्या आकड्यावर काहीतरी हललं. मग दिसायलाच लागलं. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसे बारीक बारीक ठिपके उमटत होते आणि विझत होते. इथे एक, तिथे एक, कसलाच ताल नाही. आवाजही नाही.

मी भिंग तात्यांच्या डोळ्याला लावून दिलं. त्यांनी एकेक आकडा बघून काढला. मग म्हणाले, “आयला, जित्तं हाय की हे!”

मी त्यांना सगळं सांगितलं. एकेक ठिणगी म्हणजे एकेका अणूतून बाहेर पडलेला कण. कोणता अणू कधी फुटेल हे जगात कुणालाही सांगता येत नाही. “मुहूर्त नाय, तारीक नाय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. मग मी सांगितलं की फुटायच्या आधीच्या अणूला पॅरेंट म्हणतात, म्हणजे बाप. आणि फुटल्यावर होते ती डॉटर. म्हणजे पोरगी.

“पोरगीच? पोरगा न्हाई व्हत?”

“नाही. रेडियमला पोरगी, त्या पोरीला पुन्हा पोरगी, अशाच सगळ्या पोरी. शेवटी शिसं होतं तेव्हा थांबतं.”

हे तात्यांना फार आवडलं. भिंग न काढता त्यांनी विचारलं, “मंग ही चमाकली ती पोरगी व्हय? बापाचं घर सोडून निघाली ती?”

आता, हे चूक होतं. निघून जातो तो अल्फा कण. पोरगी म्हणजे तो गेल्यावर मागे जागेवर उरतो तो अणू. हे मला तेव्हाही नीट माहीत होतं, चाचणीत मी याच प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. पण तात्यांच्या आवाजात काहीतरी असं होतं की मी म्हणाले, “हो.”

“गेली बघ येक सासरी,” तात्या म्हणाले. मग दुसरी ठिणगी. “गेली बघ आनखी येक.”

त्या दिवसापासून ते आमचं ठरून गेलं. घड्याळजीनं नंतर ते भिंग मला कायमचंच देऊन टाकलं. सुट्टीच्या दुपारी घोंगडीत बसायचं आणि आळीपाळीनं बघायचं. मला ठिणगी दिसली की मी म्हणायची, “गेली.” त्यांना दिसली की ते म्हणायचे, “गेली बघ येक सासरी.” भावानं एकदा डोकं खुपसलं, डोळे सरावायच्या आधीच भिंग लावलं आणि “काय दिसत नाय राव” म्हणून निघून गेला. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी माझ्या वाटची शेंगदाण्याची चिक्की त्याला दिली.

पुढे बी.एस्सी. झाले, लग्न झालं, पुण्यात एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. सासरी निघताना गाडी हलली आणि मागच्या काचेतून बघितलं तर तात्या एक पाऊल मागे सरकले होते. कुणी ढकलल्यासारखे. मला सरांचा धडा आठवला. कण बाहेर पडतो तेव्हा उरलेल्या अणूलाही उलट्या बाजूला धक्का बसतो. चिंचोडीच्या पुढे जाईपर्यंत मी रडत होते आणि त्यातच मला वाटत होतं, हे दुसऱ्या कुठल्या नवरीला समजलं नसतं. आमचं दोघांचं नातं पाठ्यपुस्तकात छापलेलं आहे असं माझं मत होतं.

दोन वर्षांनी भावाचं लग्न झालं आणि वहिनी आली. भीमाशंकरच्या अंगाची, डोंगरातली. तिच्या माहेरी भाताची खाचरं आणि रानात हिरडा. दहावीपर्यंत शाळा. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. पहिल्याच भेटीत मी तिला, जरा तोऱ्यातच, सांगितलं की आमच्या घरात रेडियम आहे. ती म्हणाली, “हाय की. ह्यांच्या टेम्पोला मागं लावल्यालं. लई चमाकतं.” भाऊ दुधाचा टेम्पो चालवायचा. मी एवढी खूश झाले! मनात म्हटलं, हिच्याकडून काही धोका नाही.

धोका कशाचा, हे तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आई गेली त्या वर्षापासून मात्र गोष्टी हलायला लागल्या. रात्री भाकरीशिवाय दुसऱ्या कशाला हात न लावणारे तात्या आंबेमोहोर भाताची पेज प्यायला लागले. “पोटाला हलकी पडती,” म्हणायचे. मी वर्षानुवर्षं हलकं खा म्हणून सांगत होते, तेव्हा काय झालं होतं? मी फोन केला की तात्या चार वाक्यं बोलायचे आणि पाचव्याला म्हणायचे, “थांब, पोरीला देतो.” पोरीला! पहिल्यांदा मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी इकडे फोनवर, आणि पोरगी तिकडे स्वयंपाकघरात. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “सुनेला पोरगी म्हणतात, चांगलंच आहे की.” चांगलंच आहे. ज्याचं पोट दुखत नाही त्याला सगळं चांगलंच असतं.

एका दिवाळीत मी सवयीनं सकाळी घड्याळाकडे हात केला. खुंटीवर घड्याळ होतं, चावी द्यायला गेले तर ती आधीच घट्ट. मी विचारलं, “चावी कुणी दिली?”

“म्या दिली वन्सं,” वहिनी म्हणाली. “रोज मीच देती.” भाकरी थापता थापता, मान वर न करता.

मी घड्याळ पुन्हा खुंटीवर अडकवलं. पण त्या दिवशी तिचे चकलीचे काटे मोडले तेव्हा मला फार बरं वाटलं.

आता मुख्य दुपार. उन्हाळ्याच्या सुट्टीचा पहिला शनिवार होता. कळवलं नव्हतं, एसटीनं निघाले आणि मंचरला उतरून रिक्षानं वस्तीवर आले. अंगणात पाय ठेवला आणि पडवीत बघितलं तर घोंगडी. घोंगडीखाली दोन उंचवटे. वर तेच मिलिटरीचं करडं ब्लँकेट.

मी उन्हात उभी राहिले. आतून तात्यांचा आवाज आला.

“गेली का?”

“गेली,” वहिनी म्हणाली.

“आता?”

“थांबा... हां, ह्यी बघा, आन् येक गेली सासरला.”

“कोन्च्या आकड्यावरनं?”

“सातावरनं.”

मला आजही त्या क्षणाचं वर्णन करताना अंगाला आग लागते. आमचं वाक्य! माझं आणि तात्यांचं वाक्य, माझ्या बारावीतून, माझ्या भिंगातून आलेलं, ते ही बाई, जिला रेडियम म्हणजे टेम्पोची अक्षरं वाटत होती, तिथे बसून बोलत होती. मी पिशवी खाली टाकली, पुढे झाले आणि घोंगडी सरळ ओढून काढली.

दोघं उजेडात डोळे मिचकावत राहिली. वहिनीच्या डोळ्याला भिंग तसंच होतं. “आगं बया,” ती म्हणाली, “वन्सं! सगळा आंदार गेला की. आता पुन्यांदा बसावं लागंल.”

“कोन हाय?” तात्यांनी विचारलं. त्यांनी मान वळवली ती माझ्याकडे नव्हे, जरा बाजूला.

तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मत्सरानं माणसाला दिसतं ते फार बारीक दिसतं आणि बाकीचं दिसतच नाही. मी सरळ वहिनीवर तुटून पडले. म्हटलं, “काय गेली, गेली लावलंय? माहीत तरी आहे का काय गेलं ते?”

“पोरगी,” ती म्हणाली. “मामांनी सांगितलंय. बापाच्या आंगातनं निगती आन् सासरला जाती. चमाकती ती पोरगी.”

“चूक!” मी म्हणाले. शाळेत पोरांवर ओरडते तशी. “साफ चूक. चमकतो तो अल्फा कण. जातो तो. त्याला पोरगी म्हणत नाहीत. पोरगी म्हणजे तो गेल्यावर मागे जी जागेवर राहते ती. पुस्तकात असं आहे. जगातल्या सगळ्या पुस्तकांत असं आहे.”

बोलताना मला जिंकल्यासारखं वाटत होतं. तिला हे माहीत नव्हतं, मला माहीत होतं. वाक्य संपलं. एक कोंबडी माझ्या पिशवीत चोच घालत होती, तिला कुणी हाकललं नाही.

मग तात्या सावकाश म्हणाले, “म्हंजी उडून जाती ती पोरगी न्हवं?”

आता मागे फिरायला वाट नव्हती. “नाही,” मी म्हणाले.

“जागंवर ऱ्हाती ती पोरगी.”

“हो.”

“बरं,” तात्या म्हणाले. “आन् जी ऱ्हाती तिला कायच व्हत न्हाई? समदं आलबेल?”

“तिला धक्का बसतो. उलट्या बाजूला.”

तात्यांनी हात पुढे केला. हवेत जरा चाचपडला आणि मग वहिनीच्या डोक्यावर पडला. त्यांनी तो तिथेच ठेवला. आणि मला तेव्हा दिसलं की ते चाचपडले होते.

काचबिंदू होता. वर्षभर आधी कळलं होतं. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली टिकवायची. वहिनी त्यांना घेऊन जायची, दिवसातून दोन वेळा थेंब तीच घालायची. ठिणग्या त्यांना केव्हाच दिसेनाशा झाल्या होत्या. त्यांनी तिला भिंग लावायला शिकवलं होतं, डोळे सरावेपर्यंत कसं बसायचं ते शिकवलं होतं, आणि ती बघून सांगायची. हे मला भावानं संध्याकाळी सांगितलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तो म्हणाला, “तात्याच म्हनलं, तिला नका सांगू, ती तिकडं जिवाला लावून घेईल.”

लोक म्हणतील, हे कळल्यावर तरी तुझा राग विरघळला असेल. नाही. वाढला. म्हातारपणाचं दुखणं सांगायचं ते हिला, डोळे आंधळे झाले तर बघायचं ते हिच्या डोळ्यांनी आणि मला फक्त खुशाली. तिच्या वाट्याला आंधळे तात्या आले आणि माझ्या वाट्याला फोनवरचे ठणठणीत तात्या. मला आंधळे हवे होते. हे लिहायला विचित्र वाटतंय, पण तेव्हा असंच वाटत होतं आणि आजही वाटतं.

त्या सुट्टीत मी घोंगडीत बसले नाही. तात्यांनी दोनदा बोलावलं. मी म्हटलं, उकडतंय. तिसऱ्या दुपारी ते आपले दोघंच बसले आणि मी आत मेथी निवडत ऐकत राहिले. वहिनी म्हणत होती, “गेली.” एवढंच. सासरला म्हणत नव्हती. तात्यांनी विचारलं, “आन् हितं कोन ऱ्हायलं?” तर ती म्हणाली, “म्या काय सांगू मामा, मागं ऱ्हाती ती चमकत न्हाई. दिसायची कशी?”

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. बी.एस्सी.ला होते, शाळेत शिकवत होते, पण हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तिनं काही मला ऐकवायला म्हटलं नव्हतं. जे दिसत होतं तेच ती सांगत होती. म्हणून तर जास्त लागलं.

त्यानंतर तात्या तीनेक वर्षं होते. मी जायची, यायची. ओझरच्या गणपतीला जाताना वाट वाकडी करून एक दुपार तिथे थांबायची. चावी तीच द्यायची. पुढे मोबाइल आले, तेव्हा तात्या मला फोनवर घड्याळाची टिकटिक ऐकवायचे. “चालू हाय बघ,” म्हणायचे. घड्याळ कोण धरून ठेवायचं ते मी विचारत नसे.

ते गेले ते पावसाळा उतरल्यावर, घरीच, सकाळी. मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर आम्ही पडवीत बसलो होतो. भाऊ, मी आणि दाराच्या आत परातीत भांडी विसळणारी वहिनी. भाऊ उठला, खुंटीवरचं घड्याळ काढून आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. म्हणाला, “तात्या सांगून गेल्यात. घड्याळ पोरीला द्यायचं.”

भांड्यांचा आवाज थांबला.

भावाला काहीच माहीत नव्हतं. त्याच्या दृष्टीनं तात्यांना एकच पोरगी होती आणि ती समोर बसली होती. त्या दुपारी घोंगडीपाशी आम्ही तिघंच होतो. त्यातला एक गेला होता. मी दाराकडे बघितलं. वहिनीनं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घालून पातेलं घासायला घेतलं. ते पातेलं मघाशीच घासून झालेलं होतं. मला कळलं की ती बोलणार नाही. आज नाही आणि कधीच नाही. मी घड्याळ उचलून पर्समध्ये टाकलं असतं तर जगात एकाही माणसानं मला बोल लावला नसता.

आणि मला ते हवं होतं. किती हवं होतं ते कसं सांगू? मी ते हातात घेतलं. तो तपकिरी लेप, ती चरे पडलेली काच. चावीला बोट लावलं तर ती सकाळची भरलेली, घट्ट. बाप गेल्यानंतरच्या तेराही सकाळी हिनं त्याला चावी दिली होती.

“वहिनी, इकडे ये,” मी म्हणाले.

ती हात पुसत आली. मी घड्याळ तिच्यापुढे धरलं. “धर. तुझं आहे.”

भाऊ म्हणाला, “आगं, पोरीला म्हनलं तात्या. पोरगी तू न्हवं का?”

“आमच्या विषयात नाही,” मी म्हणाले.

त्याला काही समजलं नाही. वहिनीला समजलं. तिनं हात मागे घेतले. “वन्सं, आसं नका करू,” ती म्हणाली. “म्या बी कुनाच्या तरी घरातनं उडूनच आल्याली हाय की.”

हे खरं होतं आणि ते मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. डोंगरातल्या कुठल्या तरी पडवीत हिचाही बाप एक पाऊल मागे सरकला असणार. पण त्या घरची पोरगी कोण, हे त्या घरानं बघावं. मी तिचं मनगट धरलं आणि पट्टा बांधून टाकला. शेवटच्या भोकातही तो सैल होत होता.

गावात मग झालंच, केवढं मोठं मन पोरीचं, बापाची निशाणी भावजयीला दिली. मोठं मन वगैरे काही नव्हतं. तात्या जन्मात एकच विषय शिकले, माझ्याकडून शिकले, आणि शेवटचं उत्तर त्यांनी बरोबर लिहिलं होतं. ते मी कसं चूक देणार?

अजून रविवारी सकाळी वहिनीचा फोन येतो. घरातली ख्यालीखुशाली झाली की ती म्हणते, “वन्सं, आयका,” आणि घड्याळ फोनला लावते. मी टिकटिक ऐकते. माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि ती घड्याळ बाजूला करेपर्यंत मी फोन ठेवत नाही.